निरोपाला इस्त्री

तिला सगळे कडकताई म्हणायचे, आणि ह्या नावाचा तिच्या स्वभावाशी काडीचाही संबंध नव्हता. कडक असायची ती कॉलर. तिच्या हातून गेलेल्या शर्टाची कॉलर अशी उभी राहायची, की आतला माणूस आयुष्यात कितीही वाकलेला असो, घरापासून कोपऱ्यापर्यंत तरी ताठ चालायचा. बाकी बाई म्हणजे मेण. कुणाच्या कपाळाला आठी पडली, की हिच्या पोटात गोळा. बसमध्ये दोन अनोळखी माणसं जागेवरून भांडायला लागली, तर ही उठून म्हणायची, “बसा, बसा, मला उतरायचंच आहे,” आणि खरोखर उतरायची. मग पुढचे दोन थांबे पायी.

तिची इस्त्रीची खोली एका लांबलचक भिंतीत होती. भिंतीच्या एका अंगाला वरची गल्ली, दुसऱ्या अंगाला खालची, मध्ये लोखंडी फाटक आणि फाटकाला खेटून पूर्वी पहारेकऱ्यासाठी बांधलेली ही खोली. पहारेकरी कधीच गेला होता. त्याच्या जागी आता एक लांब टेबल होतं, त्यावर चौपदरी घातलेली जुनी चादर आणि चादरीवर जळल्याचे तीन त्रिकोणी डाग. “हे तिन्ही लग्नाच्या पहिल्या वर्षातले,” ती सांगायची, “त्यानंतर हात बसला.” खोलीचं दार वरच्या गल्लीत उघडायचं, पण खिडक्या दोन होत्या. एक वरच्या गल्लीत, एक खालच्या. दिवसभर वरून बेकरीचे ॲप्रन यायचे, खालून दवाखान्याचे पांढरे कोट यायचे, आणि कडकताई एकाच इस्त्रीनं, एकाच मापाचं पाणी शिंपडून, दोघांनाही सरळ करायची.

घरी तिला अजून एक काम होतं, बिनपगारी. नवरा आणि सासूबाई अठरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण दोघांनाही आठवत होतं, फक्त दोघांना वेगवेगळं आठवत होतं. एकच घर, एकच चूल, आणि ये-जा करणारी ही. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याचं भिंग न काढता तो विचारायचा, “म्हातारी जेवली का?”

कडकताई स्वयंपाकघराच्या दारात जायची. “आई, हे विचारतायत, तुम्ही पोटभर जेवलात ना?”

“त्याला म्हणावं, अजून मेले नाही.”

ती परत यायची. “आई म्हणतायत, तब्येत एकदम ठणठणीत आहे.”

अशानं अठरा वर्षं घरात भांडं वाजलं नव्हतं. त्याचा तिला आतल्या आत फार अभिमान होता.

म्हणूनच मंडळात निरोपाचं काम निघालं तेव्हा तिला वाटलं, हे तर आपल्याचसाठी काढलंय.

मंडळ म्हणजे दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांचं. बारा वर्षांपूर्वी एका भरदुपारी कुणीतरी आपल्या बायकोला शिवणयंत्रासकट रस्त्यावर काढलं होतं. आजूबाजूच्या बायका आल्या आणि त्या यंत्राभोवती बसून राहिल्या. घोषणा नाहीत, काही नाही, नुसत्या बसल्या. संध्याकाळी यंत्र आत गेलं, मागोमाग ती बाई आत गेली. बाकीच्या बायका मात्र त्या दिवसापासून घरी परत आल्याच नाहीत, असं त्यांचे नवरे अजून म्हणतात. दर मंगळवारी त्या शाळेच्या व्हरांड्यात जमायच्या. घराच्या कागदावर बाईचं नाव घालण्यापासून गल्लीतल्या दिव्यापर्यंत सगळं तिथे निघायचं. पुढे बसायच्या शाळेतल्या निवृत्त बाई. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या पर्समध्ये खडू असायचा.

दोन घरांत अबोला झाला, की मंडळाची पद्धत ठरलेली होती. एकीचा निरोप दुसरीकडे न्यायचा, तिचा हिच्याकडे आणायचा, असं तीन-चार वेळा करायचं आणि मग दोघींना समोरासमोर बसवायचं.

“पण निरोप कसा न्यायचा?” बाईंनी फळ्यावर खडू आपटून सांगितलं होतं. “ती ‘मी’ म्हणाली असेल तर तुम्हीही ‘मी’च म्हणायचं. ‘ती असं म्हणत होती बाई,’ असलं नाही. तिच्याच शब्दांत, तिच्याच आवाजात. एक शब्द पदरचा घालायचा नाही, एक गाळायचा नाही. आणि निरोप दिल्यावर तिथे चहाला थांबायचं नाही. चहाबरोबर मत बाहेर पडतं.”

“बाई, मी अठरा वर्षं घरी हेच करतेय!” कडकताई उत्साहानं म्हणाली होती.

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं होतं. त्या बघण्याचा अर्थ तिला तेव्हा कळला नाही.

मग फाटकातलं ते प्रकरण झालं.

बेकरीवालीची पावांनी भरलेली हातगाडी फाटकातून जात होती, चाक अडकलं आणि गाडी तिथेच रुतली. समोरून दवाखान्याची गाडी आली. ती चालवत होता सिस्टरचा धाकटा भाऊ. सिस्टर म्हणजे खालच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या नर्सबाई. भावानं दोन वेळा भोंगा वाजवला, तिसऱ्या वेळी खाली उतरला आणि हातगाडी ढकलून दिली. चौदा ट्रे पाव मातीत गेला. तो बेकरीवालीला काहीतरी बोलला. तिच्या मुलानं दगड उचलला, गाडीचा पुढचा दिवा फुटला. मग वरच्या गल्लीतून दहाजण आले, खालच्या गल्लीतून बारा. अर्ध्या तासात अकरा डोकी फुटली. ती अकराही डोकी, दोन्ही गल्ल्यांची, सिस्टरनंच बांधली, कारण दुसरं कुणी बांधणारंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शांतता समिती निघाली. लाकडाच्या वखारीचे शेठ आणि आणखी चौघे, सगळे पुरुष. पैकी चौघांना दिवसातून एकदाही त्या फाटकातून जायचं नसायचं. त्यांनी शांततेसाठी पहिलं काम काय केलं, तर फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली वखारवाल्यांच्या खिशात गेली. ज्यांना रोज जायचं होतं त्या राहिल्या फाटकाबाहेर. खालच्या गल्लीतून बेकरीत कामाला येणाऱ्या सात बायका मोठ्या रस्त्यानं वळसा घालून चाळीस मिनिटं चालायला लागल्या. वरच्या गल्लीतल्या बायका तापलेली पोरं खांद्यावर टाकून तोच वळसा उलटा घालायला लागल्या. कडकताईच्या दोन खिडक्यांमधून औषधाच्या बाटल्या, शाळेच्या वह्या, एकदा तर एक रागावलेलं मांजर इकडून तिकडे गेलं.

मंडळाच्या बायका वखारीत गेल्या. “फाटकाचं ठरवताना आम्हाला विचारा,” बाई म्हणाल्या.

वखारवाले समजूतदारपणे हसले. “बाई, ह्यात तुमचं काय काम? हे शांततेचं काम आहे.”

“मग ते तुमच्यानं होणार कसं?” बेकरीवाली म्हणाली. ती आली होती, सिस्टरही आली होती, फक्त दोघी वखारीच्या दोन टोकांना उभ्या होत्या. वर्षानुवर्षं मंडळात एकाच चटईवर बसणाऱ्या ह्या दोघी आता एकमेकींच्या सावलीलाही उभ्या राहत नव्हत्या.

शेवटी वखारवाल्यांनी मुदत दिली. दोन्ही घरांनी मिळून लिहून द्यावं, की भांडण मिटलं. रविवार सकाळपर्यंत. नाहीतर गवंडी येईल, फाटकाच्या जागी विटांची भिंत चढेल आणि, ते कडकताईकडे वळून म्हणाले, “ती तुमची खालची खिडकीही बुजवावी लागेल, वहिनी. तिची चोरवाट झालीय.”

कडकताईनं मनात हिशेब मांडला. खिडकी गेली तर खालचे सगळे पांढरे कोट गेले, खालच्या सगळ्या मैत्रिणी गेल्या आणि दुपारचं वारंही गेलं. निरोपाचं काम तिच्याकडेच आलं. दोन्ही गल्ल्यांकडे तोंड असलेली ती एकटीच होती.

सोमवारी बेकरीवाली वरच्या खिडकीशी आली. हात कोपरापर्यंत पिठात.

“घे निरोप. तिला सांग, तुझा भाऊ आंधळा आहे. चौदा ट्रे माझ्या घामाचे होते. आणि पावाचं सोड, चार माणसांसमोर तो मला काय म्हणाला? ‘नवऱ्यानं सोडली ते उगाच नाही.’ म्हणून माझ्या पोरानं दगड उचलला. माझ्या पोराला गुंड म्हणतेस ना? आधी भावाची जीभ बघ. तो माफी मागेपर्यंत मी तुझं तोंड बघणार नाही.” ती थांबली. “झालं. ‘मी’ म्हणून सांग हं.”

“हो, हो,” कडकताई म्हणाली.

वरच्या खिडकीपासून खालच्या खिडकीपर्यंत साडेचार पावलं. पहिल्या पावलाला तिला वाटलं, ‘आंधळा’ जरा जास्त होतंय. दुसऱ्या पावलाला ‘नवऱ्यानं सोडली’ हे शब्द तिच्या जिभेवर यायलाच तयार होईनात. इतकं घाणेरडं वाक्य दुसऱ्यांदा कशाला वाजवायचं? तिसऱ्या पावलाला ‘तोंड बघणार नाही’ गळालं. खिडकीत पोचेपर्यंत निरोप असा गुळगुळीत झाला होता, की त्यावर बोट ठेवलं तर घसरावं.

“मला वाईट वाटतंय,” तिनं सिस्टरला सांगितलं. “पाव गेला, शब्दाला शब्द लागला. पण तुझ्या भावावर माझा राग नाही. भेटावंसं वाटतं.”

सिस्टरनं डोळे बारीक केले. “असं म्हणाली?”

“म्हणजे... भावार्थ हाच.”

“बरं. आता माझा घे.” सिस्टर भराभर बोलायची, सुई टोचल्यासारखी. “तिला म्हणावं, गाडीत बाळंतीण होती. मूल आडवं आलं होतं, तिला मोठ्या इस्पितळात न्यायची होती. तुझ्या पोरानं दगड मारला, रस्ता बंद झाला, आणि ती बाई झाडाखाली गाडीतच बाळंत झाली. बाळ जगलं ते माझ्या ह्या दोन हातांनी, तुमच्या मेहरबानीनं नाही. वाचलं नसतं तर तुझ्या दारात आणून ठेवलं असतं मी. हे तुला आयुष्यभर आठवावं, एवढीच माझी इच्छा आहे.”

साडेचार पावलं. हे असंच सांगितलं तर बेकरीवाली पुन्हा कधी ह्या खिडकीत उभी तरी राहील का? खुनाचा आळ घेतल्यासारखंच आहे हे. आणि बाळ तर जगलंय. मग कशाला?

“त्या दिवशी गाडी घाईत होती,” ती बेकरीवालीला म्हणाली. “माझ्या भावाचं चुकलं. तुझी आठवण येते.”

“तुझी आठवण येते?” बेकरीवाली खिडकीत वाकली. “सिस्टर म्हणाली? ती? ती इंजेक्शन देतानासुद्धा ‘दुखेल’ म्हणून सांगत नाही, सरळ देते.”

“मनातून म्हणाली.”

शनिवारपर्यंत असे चार निरोप इकडून गेले, चार तिकडून आले. दोन्ही खिडक्यांवरच्या आठ्या हळूहळू कमी झाल्या. सासूबाई दिवसा इस्त्रीच्या खोलीत येऊन, कोपऱ्यात बसून कपड्यांच्या घड्या घालायच्या, सगळं ऐकायच्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायच्या. कडकताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती तरंगत होती.

शनिवारी दुपारी चारला दोघींना समोरासमोर बसवायचं ठरलं. इस्त्रीच्या खोलीतच, कारण दुसरी जागा उरलीच नव्हती. सिस्टर खालच्या खिडकीतून आत आली. बाहेरून एकीनं स्टूल धरलं, आतून कडकताईनं हात दिला, आणि पांढरा कोट सावरत सिस्टर टेबलावर गुडघे टेकून खोलीत उतरली. बाई साक्षीला होत्या. बेकरीवाली दारातून आली, केस विंचरून. दोघी बसल्या. दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, मोठ्या मनानं क्षमा करायला आलेल्या माणसाचा.

“बोल,” बेकरीवाली म्हणाली.

“तू बोल. भेटायचं तुला होतं.”

“मला? माफी तू मागणार होतीस.”

“मी? कशाची?”

“भावाची! चुकलं म्हणालीस ना त्याचं?”

“मी म्हणाले? तूच म्हणालीस, त्याच्यावर तुझा राग नाही!”

“राग नाही?” बेकरीवाली उठून उभी राहिली. “मला वाईट वाटतंय, असं पण म्हणाले असेन मी?”

“हो! पहिल्याच दिवशी!”

“हे शब्द माझ्या तोंडात बसतात तरी का?”

मग दोन्ही माना एकदम वळल्या. कडकताई इस्त्री हातात धरून उभी होती. तिला पळून जायला एक दार होतं आणि दोन खिडक्या होत्या, पण तिनं नुसती इस्त्री चादरीवर टेकवली.

“मी जरा... सरळ करून सांगितलं,” ती म्हणाली. “तुम्हाला लागू नये म्हणून.”

पुढे जे झालं ते दोन्ही गल्ल्यांना ऐकू गेलं. सिस्टर खिडकीतून परत गेली, ह्या वेळी स्टुलाशिवाय. बेकरीवालीनं जाताना दार असं आपटलं, की वरची कौलं हलली. बाई शांतपणे उठल्या.

“कडकताई, तू त्यांचे निरोप नेलेच नाहीस. तू तुझाच निरोप दोन्हीकडे वाटत होतीस. मला भांडण सोसवत नाही, एवढा एकच.”

त्याही गेल्या. तेव्हा कुठे करपल्याचा वास आला. चादरीवर चौथा त्रिकोण उमटला होता.

कडकताई खाली बसली आणि रडली. सासूबाईंनी हातातला शर्ट घडी घालून संपवला, बाजूला ठेवला आणि मग म्हणाल्या, “आटप लवकर. उजेड आहे तोवर काम आहे.”

“कसलं काम, आई? सगळं संपलं. उद्या विटा येतील.”

“एक सांगू का गं? माझा मुलगा मला काय म्हणतो?”

“म्हणजे?”

“‘आई, तुम्ही पोटभर जेवलात ना?’ असं म्हणतो तो? जन्मल्यापासून मी त्याला ओळखते. ‘म्हातारी जेवली का,’ असं म्हणतो.”

कडकताईनं डोळे पुसले. “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यापासून. मला चालतं. का? तर मला त्याच्याशी भांडायचंच नाही. म्हातारपणी दम लागतो. पण त्या दोघींना भांडायचंय. पोटात दुखणं आहे त्यांच्या, आणि तू वरून पोटाला पावडर लावतेस. त्यांचं त्यांना नेऊन दे. शब्द आठवतायत का?”

कडकताईला एकूण एक शब्द आठवत होता. गाळलेलंच तर जास्त आठवतं.

ती उठली. तोंडावर पाणी मारलं. आधी एका खिडकीतून, मग दुसऱ्या खिडकीतून ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा होऊ शकतो, हे गल्ल्यांना त्या दिवशी कळलं. “सिस्टर! बेकरीवाल्या ताई! तुमचे निरोप माझ्याकडे राहिलेत! घेऊन जा!”

सिस्टर खालच्या खिडकीबाहेर आली, पण आत यायला तयार नव्हती. बेकरीवाली वरच्या खिडकीबाहेर. दोघी हाताची घडी घालून. मध्ये टेबल, टेबलाशी कडकताई.

ती आधी वरच्या खिडकीकडे वळली. सिस्टरसारखी मान ताठ केली, शब्द टोचत टोचत बोलली. “गाडीत बाळंतीण होती. मूल आडवं आलं होतं.” झाडाखालचं सांगितलं. मेहरबानीचं सांगितलं. “वाचलं नसतं तर तुझ्या दारात आणून ठेवलं असतं मी.” तिनं शेवटचं वाक्यही गाळलं नाही.

बेकरीवालीची घडी सुटली. बराच वेळ ती खिडकीची चौकट चाचपत राहिली.

“कोण होती?” तिनं विचारलं. कडकताईला नाही. तिच्या डोक्यावरून, पलीकडे.

“गिरणीतली,” पलीकडून उत्तर आलं. “तुझं पीठ दळते ती.”

“मला वाटलं, रजेवर आहे. काय झालं तिला?”

“मुलगी. सव्वादोन किलो.”

“बारीक आहे.”

“भरेल.”

मग कडकताई खालच्या खिडकीकडे वळली. कमरेवर हात ठेवले, कोपरं पिठात असल्यासारखी दूर धरली. आंधळा भाऊ, चौदा ट्रे, सगळं आलं. आणि ते वाक्यही आलं. चार माणसांसमोर तो मला काय म्हणाला? नवऱ्यानं सोडली ते उगाच नाही. बोलताना कडकताईचे कान लाल झाले.

सिस्टर खिडकीजवळ आली. “असं म्हणाला तो?”

“असं म्हणाला,” बेकरीवाली म्हणाली.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं! ह्या बाईला विचार!”

“थांब. कान धरून आणते त्याला.”

“आज नको. आज मी रागात आहे, काहीतरी फेकून मारीन. सोमवारी आण.” बेकरीवालीनं नाक पुसलं, नाकाला पीठ लागलं. “आणि गाडीचा दिवा माझा पोरगा बसवून देईल. स्वतःच्या हातानं. पाना धरता येत नाही त्याला. शिकेल.”

बाई केव्हा परत आल्या ते कुणाला कळलं नाही. त्यांनी कागद काढला. “हं. काय लिहू? भांडण मिटलं?”

“मिटलं कुठे?” दोघी दोन खिडक्यांतून एकदम म्हणाल्या.

“मग खरं असेल ते सांगा.”

रविवारी सकाळी गवंडी आला. हातगाडीवर विटा, सोबत सिमेंटची दोन पोती. फाटकाच्या वरच्या अंगाला वीसेक बायका, खालच्या अंगाला त्याहून जास्त. बाईंनी कागद वाचला. “आम्हा दोघींचं भांडण चालू आहे. ते बरेच दिवस चालेल. ते आम्ही फाटक उघडं ठेवून करणार आहोत.” खाली दोन सह्या. एकीची पिठाच्या बोटांनी केलेली, एक कुणालाही न वाचता येणारी, दवाखान्यातली.

वखारवाल्यांनी घाम पुसला. एवढ्या बायकांसमोर उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती. ते हळूच इस्त्रीच्या खोलीच्या दारात सरकले. “वहिनी, तुम्ही समजूतदार. त्यांना जरा निरोप द्या ना. गोड शब्दांत.”

“शब्द तुमचे, शेठ. मी बदलत नाही आता. जसा द्याल तसा जाईल.”

“जाऊ द्या की. सांगा, बायकांनी असल्या गोष्टीत डोकं घालू नये. घरच्या कर्त्या माणसांच्या सह्या आणाव्यात.”

कडकताईनं घसा खाकरला, त्यांच्यासारखाच. अंगठा कमरेला अडकवला, पोट पुढे काढलं आणि खिडकीतून त्यांच्याच आवाजात गरजली, “बायकांनी असल्या गोष्टीत डोकं घालू नये!”

बाहेर हसू फुटलं. मग सिस्टरचा निरोप आला आणि कडकताई शेठकडे वळून, मान ताठ करून म्हणाली, “शेठ, ह्या गोष्टीत फुटलेली डोकी मी बांधली आहेत. अकरा. त्यात तुमचा पुतण्या होता, आणि सगळ्यात जास्त तोच रडला. माझं घर माझ्या नावावर आहे, बेकरी तिच्या नावावर आहे. कर्ती माणसं अजून कुठून आणायची?”

“अहो, असं नाही सांगायचं!” शेठ कुजबुजले. “मी म्हटलं तसं कुठे म्हणतात?”

“तुम्हीच म्हणालात.”

“थोडं बदला ना!”

“तुम्ही बदला. तुमचा आहे. मी थांबते.”

बाहेरून गवंडी ओरडला, “शेठ, माल कालवू का नको? एकदा कालवला की थांबायचा नाही.”

“थांब रे!” शेठनी मान खाजवली. “सांगा, समिती विचार करेल.”

“समिती विचार करेल,” खिडकीतून गेलं.

“किती वाजता?” बेकरीवालीनं विचारलं, आणि तेही परत आलं.

“सांगा...” शेठचा आवाज खाली आला. “सांगा, फाटक उघडतो. पण किल्ली माझ्याकडे.”

बाईंचा निरोप आला. एक किल्ली समितीकडे, एक मंडळाकडे. आणि समितीत मंडळाच्या दोघी.

“एक,” शेठ म्हणाले. “एक बाई चालेल. सांगा.”

कडकताई खिडकीपर्यंत गेली, आणि तिथेच थांबली. मग परत आली. साडेचार पावलं.

“काय झालं?” शेठ म्हणाले. “न्या ना.”

“हा नेते. पण त्याआधी एक माझा आहे, कुणी दिलेला नाही.” तिनं दोन्ही हात टेबलावर दाबून धरले. “दोन पाहिजेत. एका बाईला तुम्ही पाचजण मिळून पहिल्याच दिवशी गप्प कराल. मला ठाऊक आहे. मला तर एकटा माणूसही करतो. दोघी असल्या, की एक गप्प झाली तरी दुसरीला ऐकू येतं.”

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, “बरोबर बोलते.”

शेठनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, एकदा विटांकडे. “बरं, दोन म्हणा.”

“ते तुम्हीच म्हणा. खिडकी ही इथे आहे.”

वखारीचे मालक, शांतता समितीचे प्रमुख, इस्त्रीच्या टेबलावर ओणवे झाले, खालच्या खिडकीतून अर्धे बाहेर निघाले आणि तीसेक बायकांच्या चेहऱ्यांसमोर बारीक आवाजात म्हणाले, “दोन.”

“ऐकू नाही आलं!”

“दोन!”

कुलूप जुनंच, गंजलेलं होतं, त्यांनाच ओढून उघडावं लागलं. फाटक कुरकुरत सरकलं आणि दोन्हीकडच्या बायका एकदम आत घुसल्या, कुणी कामाला, कुणी औषधाला, कुणी नुसतीच इकडून तिकडे. गवंडी विटांवर बसून बघत राहिला. ह्या सगळ्या गर्दीच्या मधोमध बेकरीवालीनं सिस्टरला गाठलं.

“चल, पोरगी दाखव.”

“आधी हात धुवायचे. साबणानं.”

“धुते. पण एक सांगून ठेवते, तुझा भाऊ आंधळा तो आंधळाच.”

“आणि तुझ्या पोराचा नेम मात्र बरा होता,” सिस्टर म्हणाली, आणि दोघी मोठमोठ्यानं भांडत दवाखान्याकडे निघाल्या.